भुंगेऱ्याच्या चिठ्ठीवरची चुकीची जागा

मी लेगाव बानाक, वय अंदाजे एकाहत्तर, माडांगच्या डोंगरातला, धंदा किडे वेचण्याचा. डोकं ठिकाणावर आहे, फक्त भडकलेलं आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायची कोणाची छाती नाही.

१. घर आणि तारो कंदांचा मळा मुलगी रोसाला.

२. भिंग, चिमटा, कुऱ्हाडही तिलाच. रोसा, लाकूड पोखरून आत बुरशीची शेती करणारे भुंगेरे आपल्याकडे दोन. पाठीच्या उतारावर दोन्हीकडे तीन-तीन दात असले, तर तो बेटभर कुठेही सापडणारा. चार-चार असले, तर आपला.

३. किड्यांचा अभ्यास करायला आलेले संग्रहालयाचे साहेब, डॉ. ओस्कर, यांना काही नाही. चौतीस वर्षांपूर्वी म्हणाले, दोन्ही एकच. मी म्हटलं, "साहेब, मोजा तरी." मोजले, आणि नव्या जातीला स्वतःच्या बायकोचं नाव दिलं. त्या बाईनं हा डोंगर डोळ्यांनी पाहिलेला नाही.

४. आता माझी चूक. किड्याखाली टोचायच्या चिठ्ठीवर लिहायला साहेबांनी सापडल्याची जागा विचारली. तो सापडला त्या कड्याचं आणि माझ्या सासऱ्याचं नाव एकच. जावयानं ते उच्चारलं तर सासरची माणसं दंड म्हणून डुक्कर नेतात. मी जीभ चावली आणि खालच्या नदीचं नाव सांगितलं. नकाशावर तीच छापली. तिथं चार दातांचा एकही नाही. वीस वर्षं शोधलं.

आता मेहुणा कड्यावरची झाडं लाकूड कंपनीला देतोय. सरकारी माणूस नकाशावर बोट ठेवून म्हणाला, "म्हातारबा, तुमचा किडा नदीवर आहे. कडा तोडला तर त्याचं काय बिघडतं?" खरी जागा मेहुण्याला ठाऊक. सुपारी चघळत तो म्हणाला, "सांगा की दाजी, कुठं सापडला ते." मी सगळ्यांसमोर गप्प बसलो. त्याची मला अजून लाज वाटते.

५. या कागदाची एक प्रत सरकारी कचेरीत आणि एक साहेबांच्या संग्रहालयात आजच द्यावी. माझ्या मरणाची वाट बघू नये, झाडं तेवढी थांबणार नाहीत. चार दातांचा भुंगेरा अंबोरेक कड्यावर सापडला. अंबोरेक. जगात दुसरीकडे कुठंही नाही.

६. माझी काळी डुकरीण मेहुण्याला, दंडापोटी. नाव दोनदा लिहिलं, म्हणून तिचं पिल्लूही.

हे सगळं मी वाचून घेतलं आणि एक अक्षरही खोडलं नाही.

सही: लेगाव बानाक
साक्षीदार: येरेमिया तुगा (चर्चचे पाळक), गेनी वासेल (परिचारिका)
मुक्काम वालसेर, ११ ऑगस्ट २०१९