भिंतीपलीकडून येणारी नदी

धर्माबाद,
बुधवार, २० मे २०२६

चि. सौ. दिपालीस,

आईचे अनेक आशीर्वाद. जितुलरावांनाही सांग. तिकडं पाऊस सुरू झाला म्हणून तू म्हणलीस. इथं अजून ऊन जळून राहिलंय. मोंढ्यात मिरची आली की सगळ्या गल्लीला ठसका लागतो, तसा तो लागून राहिलाय. मी बरी हाय. तुझे बाबा बरे हायत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटंल. फोनवर तू विचारतेस, जेवलीस का, गोळी घेतलीस का. मी म्हणते हाव. बाबा कुठायत हे तू विचारत न्हाईस. अन् ते इथंच खुर्चीत पेपर धरून बसलेत, पान उलटायचं विसरलेत, हे मी सांगत न्हाई. म्हणून कागद घेतला. सातवीच्या शाळेवर जमंल तसं लिहिते. हसायचं असंल तर हस.

बातमी सांगायची तर आमच्या अंगणात आता आख्खा देश हाय. खरंच सांगते. निवृत्त होऊन इथं राहायला आल्यावर तुझ्या बाबांना करमंना. किनवटच्या आश्रमशाळेत दरसाल मैदानात नद्या खोदून घ्यायचे, तुला आठवत असंल. पोरं घागरी घेऊन आपापल्या नदीच्या तोंडाशी उभी, यांनी शिट्टी मारली की सगळ्यांनी एकदम पाणी सोडायचं, अन् कुठलं पाणी कुणाला मिळतं ते पळत पळत बघायचं. तेच आता मागच्या अंगणात मांडलंय. उत्तरेची भिंत म्हणजे हिमालय. नळापासून गंगा निघते, यमुना तिला मिळते. मोरीच्या बाजूला पश्चिमेचा समुद्र. गोदावरी त्याच्या शेजारी सुरू होते, पण त्याच्याकडं पाठ करून आख्खं अंगण ओलांडून पूर्वेला जाते. मी म्हणलं, ही कसली उलटी तऱ्हा, समुद्र एवढा जवळ असून. तर म्हणाले, उतार जिकडं तिकडं ती, तिच्या मनावर थोडंच हाय.

मांजरा लातूरकडून निघून खाली कर्नाटकात जाते, तेलंगणात जाते, अन् परत वर वळून आपल्याजवळ कंदकुर्तीला गोदावरीत येते. ती खोदताना त्यांनी लई वेळ लावला. किनवटची पैनगंगा वर्धेत, वर्धा पुढं प्राणहितेत, अन् प्राणहिता गोदावरीत, असं करत करत आपली सगळी जुनी गावं एका पाण्याला लावली. सिंधू, नर्मदा, तापी तेवढ्या मोरीकडं पळतात. बाकी महानदी, कृष्णा, कावेरी, सगळ्या पूर्वेच्या हौदात. तो बंगालचा उपसागर. त्यातून मी झाडांना पाणी घालते. नळ आला की देशाला पूर, न्हाई आला की दुष्काळ. मी धुण्याचं पाणी चुकून गंगेत सोडलं तर आख्खा दिवस तोंड फुगवून बसतात.

एकच नदी न्हाई. ईशान्येचा कोपरा मोकळा हाय. गेल्या साली मी विचारलं, इथं काय येणार. म्हणाले, जागा न्हाई. मी म्हणलं, एवढी जागा तर पडलीय. उठून आत गेले.

तू ओळखलंस. मी नाव लिहीत न्हाई.

दिपाली, धोंड्याचा महिना लागलाय. परवाच्या रविवारपासून. तुला तिकडं कोण सांगणार म्हणून कळवते, दुसरं काही न्हाई. गल्लीत घरोघरी जावई येऊन राहिलेत. पुरणाचा वास सगळीकडं. समोरच्या भामाबाईंचा जावई पुण्याहून आला, तिनं अनारशाचं ताट मला दाखवायला आणलं. मी बघितलं, चांगले झालेत म्हणलं, अन् दार लावून घेतलं.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात तुझं लग्न होऊन वर्ष झालं न्हवतं. मी पुरण शिजवलं, धोंडे केले, तूप वाढलं, अन् आम्ही दोघंच जेवलो. जावयाचं ताट जावयाशिवाय खाल्लेलं मी कुठं ऐकलं न्हवतं. तुझे बाबा मान खाली घालून जेवले, चांगले झालेत असंही म्हणाले न्हाईत. मग मी भांडी घासत बसले. घासलेलीच परत घासली.

आता हा महिना तीन वर्षांनी येतो. पुढच्या वेळी कोण कुठं असंल, देव जाणे.

नळ आला. राहिलेलं मग लिहिते.

रविवार, २४ मे

पत्र टाकलं न्हाई. बाजाराच्या पिशवीत तसंच हिंडून आलं.

दिवाळीला तू म्हणलीस ते मी विसरले न्हाई. बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन, तुझ्या आडून येणार न्हाई, असं. तुझं चूक हाय असं मी म्हणत न्हाई. तुझ्या नवऱ्यानं मान खाली घालून का यावं. पण पोरी, तू तिकडं अट घालून मोकळी झालीस. इथं मी त्या अटीसोबत राहते. सकाळी तिच्याबरोबर चहा पिते, रात्री तिच्या शेजारी झोपते.

हा माणूस ओरडला असता तर मी भांडले असते. बँकेनं तुला तिकडं टाकलं तेव्हा यांनीच भिंतीवरच्या नकाशात जोरहाट शोधून मला बोट ठेवून दाखवलं होतं. अन् लग्नाचं कळलं तेव्हा एक शब्द न्हाई. नकाशा काढून माळ्यावर ठेवला. तेव्हापासून आमच्या घरात दोन माणसं हायत अन् बोलायला कुणी न्हाई. दूध आलं, लाईट गेली, एवढंच. मला लई एकटं वाटतं दिपाली. हे मी फोनवर कधी म्हणाले नसते.

एक गंमत सांगते. जितुलराव चहा धाडतात ना, तो मी आपल्या जुन्या डब्यात ओतते. हे पितात अन् म्हणतात, आज चहा बरा झालाय. रोजच म्हणतात. मी कप विसळायला उठते.

आज सकाळी ते ईशान्येच्या कोपऱ्यात दोरी घेऊन उभे होते. मी आपली भाजी निवडत बसले. उगं आशा लावून घ्यायची न्हाई असं ठरवलंय.

मंगळवार, २६ मे

आता मात्र लिहिल्याशिवाय राहवंना.

तुला उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या धुरपताबाई माहीतच हायत. त्यांचा शेवगा आमच्याकडं झुकला म्हणून तुझ्या बाबांनी एक फांदी छाटली, तेव्हापासून दोघांचा अबोला. आम्ही बायका भिंतीवरून बोलतो, पण हे दोघं रस्त्यात भेटले तरी एक आभाळाकडं बघतं, एक चपलेकडं.

काल दुपारी तुझ्या बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं बँकेत निघाले. तर गेले धुरपताबाईच्या दारी. मी भिंतीपाशी धुणं वाळत घालत होते, तिथंच थांबले. सगळं ऐकू येत होतं.

"धुरपताबाई, तुमच्या अंगणातून एक नाली काढायची हाय."

"नाली? तुमचं सांडपाणी माझ्या दारात?"

"सांडपाणी न्हाई. तुमच्या नळापासून निघंल, भिंतीच्या कडंकडंनं पूर्वेला जाईल, अन् कोपऱ्यातून आमच्याकडं उतरंल. भिंतीला बुडाशी एक भोक पाडावं लागंल. ते मी नीट करून देईन."

"म्हणजे पाणी माझं, अंगण माझं, भिंत माझी. अन् तुमचं काय?"

मला वाटलं आता हे उठून येणार. हुज्जत घालायचा त्यांचा स्वभाव न्हाई अन् मागायचा तर मुळीच न्हाई. पण जागचे हलले न्हाईत. मग म्हणाले,

"आमच्या पोरीची नदी हाय. ती हिमालयाच्या पलीकडूनच येते. तिकडंच लांब जाते, अन् मग वळून आपल्यात येते. भिंतीच्या अलीकडून सुरू केली तर खोटी होईल."

दिपाली, आमच्या पोरीची, असं म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. मी ओलं लुगडं हातात घेऊन तिथंच खाली बसले, ते सगळं मातीत भरलं.

धुरपताबाईंची चप्पल शेवग्यापर्यंत वाजत गेली. मग म्हणाल्या, "शेवग्याच्या मुळीला हात लागता कामा नये."

"वळसा घालीन."

"अन् पोरीला बोलावलं का?"

तुझे बाबा अंगणात उतरले. दोरी सोडून माप घ्यायला लागले.

खरं म्हणजे सिंधू अन् सतलजही पलीकडच्याच म्हणे. मी रात्री विचारलं, मग त्या कशा भिंतीपाशी सुरू केल्या. म्हणाले, त्यांचं तेवढं चालतं.

आज सकाळपासून खोदत होते. या वयात पहार मारणं चांगलं न्हाई, मी दोनदा म्हणलं, ऐकलं न्हाई. दहाच्या सुमाराला नळ आला. धुरपताबाईंनी तिकडून पाणी सोडलं. आम्ही इकडं भोकाजवळ बसलो. पलीकडं पाणी चालल्याचा आवाज येत होता, पण दिसत काही न्हवतं. लई वेळ लागला. मी म्हणलं, मुरलं वाटतं. ते म्हणाले, न्हाई, हिला वेळ लागतोच. शाळेत तू ब्रह्मपुत्रेला उभी राहायचीस तेव्हाही सगळ्यांत शेवटी यायचीस ना, घागर घेऊन हिमालयाच्या आख्ख्या ढिगाला वळसा घालून, धापा टाकत. ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असंल.

मग भोकातून पाणी आलं. गढूळ, पाचोळा घेऊन. कोपऱ्यात वळलं, खाली आलं, गंगेला मिळालं अन् हौदात पडलं. त्याच हौदात जिथं आपली गोदावरी पडते. मला भूगोलातलं एवढंच कळलं, की तुझं पाणी अन् माझं पाणी शेवटी एकाच ठिकाणी येतं. पण ते पाण्याचं झालं.

वळणाची माती सारखी ढासळून राहिलीय. त्यांनी तीनदा थापली. नंतर खिशातून एक पांढरा खडा काढला अन् वरच्या काठाला ठेवला. मी म्हणलं, हे काय. म्हणाले, जोरहाट. अन् हात धुवायला गेले.

मी त्यांच्या मागं जाऊन म्हणायला पायजे होतं, आता फोन लावा. मी गेले न्हाई. मी म्हणलं अन् त्यांनी लावला, तर ते माझ्या आडून झालं. तुला ते चालायचं न्हाई, अन् खरं सांगू, आता मलाही चालायचं न्हाई.

म्हणून हे पत्र तुला बोलवायला न्हाई. घडलं ते कळवलं. महिना पंधरा जूनपर्यंत हाय, तेही नुसतं कळवलं. पाकिटावरचा पत्ता तुझ्या बाबांनाच लिहायला देणार हाय, माझं इंग्रजी तुला ठाऊक हाय. कागद उघडाच ठेवून मी धुरपताबाईकडं चालले, त्यांच्या अंगणातला चिखल सारून द्यायचाय.

दोघं जिवाला जपा. पुरात नावेनं हिंडू नका.

रोज कोपऱ्याकडं बघणारी,
तुझी आई, सरजा

चि. दिपाली,

पत्ता लिहिण्यासाठी कागद दिला होता. वाचला. आईला काठ समजलेला नाही. जोरहाट दक्षिणेला आहे, डाव्या काठावर. खडा मी तिथंच ठेवला आहे.

चहा कुठून येतो हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

वळण टिकत नाही. मी नदी पुस्तकात पाहिली, जितुलराव रोज फेरीबोटीच्या ऑफिसातून बघतात. त्यांनी येऊन बघावं. धोंडे आई करील, अनारशांचे तांदूळ मी आज भिजत घालतो.

या महिन्यातच या. दोघं या. मी बोलावतो आहे.

बाबा