नमुना पाठाची मुलं

१६ नोव्हेंबर १९५९, नंदुरबार

झालं! दहा दिवस गेले म्हणायचे. बोर्डाचा हुकूम — 'निराश्रित विद्यार्थी व शिक्षकांचे कर्तव्य', प्रशिक्षण वर्ग, हजेरी सक्तीची. ज्यांच्या शाळेत बेघर मुलं आहेत त्याच शिक्षकांना बोलावलंय. म्हणजे माझी चौदा मुलं तिकडे गावात, आणि त्यांना कसं सांभाळावं हे शिकायला मी इकडे. डोकं गहाण ठेवून हुकूम काढतात की काय.

भाद्रपदात तापीच्या पुराने आमची भिलाटी, नदीकाठची भिल्लांची वस्ती, धुऊन नेली तेव्हापासून ही मुलं आईबापांसकट धर्मचंद शेठच्या जिनिंगच्या शेडमध्ये राहतात. आता कापूस यायला लागला. शेठ परवा म्हणाले, "बाई, आतेलोंग मी काही बोलनू नई. पन हंगाम सुरू व्हयना. गुरुवारलोंग शेड खाली पाह्यजे." त्यांच्याशी काय भांडू? दोन महिने ठेवून घेतलं हेच पुष्कळ.

निघताना वाहरू एस.टी.पर्यंत आला. जमनीचा बाप. "बाई, तुम्ही कव्हय येशात?" मी म्हटलं, दहा दिवसांनी. तो म्हणाला, "दहा दिन आम्ही कोठे काढसूत?" जागा नाही मिळाली तर सगळे ऊसतोडीला गुजराथेत जाणार. जमनी चौथीत आहे. भिलाटीतून चौथीपर्यंत आलेली पहिली मुलगी. एकदा गेली की शाळा संपली तिची.

१७ नोव्हेंबर

सकाळभर 'निराश्रिताची मानसिक अवस्था'. पुण्याच्या साहेबांनी फळ्यावर वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी एक वर्तुळ काढलं. मधल्या वर्तुळात 'बालक'. आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. धानोऱ्याचे पितांबर गुरुजी माझ्या शेजारी बसतात. बसल्या बसल्या घोरतात. त्यांच्या वहीत दिवसभराची एकच ओळ होती — 'चहा बरा होता.'

मी उभी राहून विचारलं, साहेब, मुलं राहतात ती जागा गुरुवारी सुटतेय, तर त्यांना ठेवायचं कुठे?

"तो विषय आठव्या दिवशी आहे, मंगलाबाई."

१८ नोव्हेंबर

एका दिवसाची रजा मागितली. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत आला पाहिजे म्हणे. मुख्याध्यापक गावी. म्हणजे रजेचा अर्ज द्यायला गावी जायचं, आणि गावी जायला रजा हवी! कारकुनाला हे समजावून सांगता सांगता माझाच घसा बसला. तो शांतपणे पान लावत होता.

संध्याकाळी बाजारात आमच्या गावचे रतिलाल पाटील भेटले. इंजिनाचा पट्टा घ्यायला आले होते. राग कुठेतरी ओकायचाच होता, त्यांच्यापुढे ओकले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बाई, मन्हा खळावर ऱ्हावू द्या त्यासले. वर छप्पर शे. कापूस वेचाले माले माणसे पाह्यजेतच." एवढंच. ना अर्ज, ना मार्फत. मला रस्त्यात रडू आलं. मग आणखी राग आला, की एवढ्या साध्या गोष्टीसाठी रडू यावं.

२० नोव्हेंबर

रतिलालभाईंचा निरोप. सगळे खळ्यावर गेले. मुलं शाळेत येताहेत, जमनीसुद्धा. आज जेवण गोड लागलं.

२१ नोव्हेंबर

आजचा विषय 'गृहभेट'. ज्याला घर नाही त्याच्या घरी भेट! छापील कागद दिला — खोल्या किती, उजेड कसा, खिडक्या किती. पितांबर गुरुजींनी सगळीकडे 'ठीक' लिहून कागद दिला आणि उन्हात जाऊन बसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हटलं, हवं ना टिपण, घ्या मग. चार पानं लिहिली. चौदा मुलांची नावं, बापांची नावं, शेडमध्ये कोण कुठल्या कोपऱ्यात झोपायचं, आता कुणाच्या खळ्यावर आहेत, कोण काय खातं. जमनीची आई फुलीबाई दिवसभर कापूस वेचून आली की पोरीला समोर बसवून धडा म्हणायला लावते. तिला स्वतःला एक अक्षर येत नाही, पण जमनी अडखळली की बरोबर कळतं. तेही लिहिलं.

साहेबांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. 'आदर्श टिपण.' खोटं कशाला लिहू, बरं वाटलं मला.

२३ नोव्हेंबर

शेवटच्या दिवशी धुळ्याहून अधिकारी येणार. त्यांच्यापुढे नमुना पाठ घ्यायचा. साहेब म्हणाले, पाठासाठी प्रत्यक्ष निराश्रित मुलं हवीत, आणि मंगलाबाईंची चौदा तयारच आहेत. ट्रक पाठवून आणू.

पितांबर गुरुजी जन्मात पहिल्यांदा जागे दिसले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाई, ट्रक नका धाडू देऊ. ट्रक देखीसन माणसे पयतीन. पह्यले तुम्ही जा." मी मनात म्हटलं, ट्रक बघून माणसं कशाला पळतील? ह्यांना उठायचा कंटाळा, म्हणून प्रत्येक गोष्टीत खोट काढतात. साहेबांना सांगितलं, पाठवा ट्रक. अधिकारी मुलांना डोळ्यांनी बघतील तर कुठेतरी काही हलेल. शिवाय जमनीला आगगाडी दिसेल. तिने अजून पाहिली नाही.

२५ नोव्हेंबर

ट्रक रिकामा आला.

शिपाई सांगत होता. ट्रक खळ्यावर उभा केला, खाकी कपड्यातला हा उतरला, आणि यादी काढून नावं पुकारायला लागला. जमनी वाहरू. अमकी तमका. पुकारता पुकारता माणसं उठली, पोरं काखेत मारली आणि कपाशीत शिरली. इकडे असा ट्रक फक्त जंगलखात्याचा येतो. लाकडं तोडली म्हणून नावं पुकारतात आणि माणसं भरून नेतात. हे मला माहीत नव्हतं का? बारा वर्षं ह्या गावात आहे मी! आणि यादी कुठली? माझ्याच चार पानांतून उतरवलेली.

पाठ मात्र झाला. चौदा शिक्षक सतरंजीवर निराश्रित बालक म्हणून बसले. पितांबर गुरुजींना जमनी केलं. साहेबांनी विचारलं, "बाळ, तुला काय वाटतं?" गुरुजी खाली बघत राहिले. अधिकारी म्हणाले, फार हुबेहूब.

२६ नोव्हेंबर, गावी

खळं रिकामं. चुलीचे तीन दगड आणि राख. रतिलालभाई म्हणाले, "सकायमाच निंघी गयात, बाई. मी आडा उनू, पन कोन्ही थांबनं नई." मी विचारलं, फुलीबाई काही म्हणाली का? ते सांगेनात. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाले, "ती सांगे, बाईनी नावं लिखी दिधात."

२७ नोव्हेंबर

चौदा नावांपुढे गैरहजेरी.

९ डिसेंबर

प्रमाणपत्र आलं. प्रथम श्रेणी! मुख्याध्यापक म्हणतात, फ्रेम करून वर्गात लावू. मी म्हटलं, लावाल तर मी त्या वर्गात पाय ठेवणार नाही. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. बरंच झालं.

१८ जानेवारी १९६०

गुजराथेत व्याऱ्याकडच्या कुठल्याशा शाळेच्या मास्तरांचं पत्र आलं, गुजरातीत. धर्मचंद शेठनी वाचून दाखवलं. ऊसतोडीवाल्यांची एक मुलगी आठ दिवस रोज आपण होऊन येते आणि चौथीच्या वर्गात बसते. भाषा समजत नाही, पण उठत नाही. तिचा दाखला पाठवावा. राहण्याचं ठिकाण विचारलं तर तुमच्या शाळेचं नाव सांगते.

दाखला लिहायला बसले आहे.