पर्सिमॉनकडचा पाय

१८ एप्रिल

बाजवट पुसली. हो, पुसली! आता घासायचं काय राहिलंय? पूर्वी एप्रिल लागला की अंगणातली ती आठ-दहा माणसं मांडी घालून बसतील एवढी लाकडी बाजवट मी काथ्याने घासायची, उन्हात खडखडीत वाळवायची, पॉलिश पेपर मारायची, मग पेरिलाचं तेल. तेही कच्च्या बियांचं. भाजलेल्या बियांचं लावलं की वास सुटतो आणि मुंग्यांची रांग लागते. ह्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतःच्या हातांनी केली ती. पाय चेस्टनटचे. हे जाऊन इतकी वर्षं झाली, पण तेल एकदाही चुकलं नव्हतं.

यंदा चुकलं. कारण गेल्या सुगीला, चुसकच्या सणाला धाकटी जाऊ सोलहून लिनोलियमची गुंडाळी घेऊन आली. पिवळं, खोलीत जमिनीवर घालतात ते. "जाऊबाई, किती घासत बसता हो! एकदा ठोकलं की नुसतं फडकं फिरवायचं." दिराने — जोंगथेने — लगेच हातोडी घेतली. कडा खाली दुमडून खिळे मारले. मी म्हटलं, पाणी आत जाईल आणि बाहेर यायला वाट नाही, लाकूड कुजेल. तर सासूबाई म्हणाल्या, "तुला कधी कशाचं बरं वाटलंय?" आख्ख्या गावात असंच ठोकतात म्हणे. ठोका!

२ मे

शेजारची बोसंगवाली आली होती, बोसंग तिचं माहेर. सासूबाईंबरोबर बाजवटीवर बसून खरबूज खात होती. मला हाक मारली, "थोरल्या सूनबाई, ये की गं वर!" मी म्हटलं, भात चुलीवर आहे. नव्हता.

बोसंगवालीने बोलावून काय होतंय? लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी सगळ्यांची पानं मांडून बाजवटीच्या कडेला नुसती टेकले होते. सासूबाई म्हणाल्या, "सुनेची जागा चुलीपाशी." ह्यांनी मान खाली घातली आणि काकडी खाल्ली. झालं. त्यानंतर अडतीस वर्षांत मी त्या बाजवटीवर चढले ती फक्त घासायला. आणि धाकटी? लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पर्सिमॉनच्या झाडाकडचा कोपरा तिचा! वाऱ्याची जागा. पाय पसरून बसते. शिकलेली ना ती, नोकरी करते ना.

मला काय हवं होतं? सासूबाईंनी एकदा म्हणायचं होतं — वर ये, जेव. एकदाच. एवढंही जास्त होतं का?

११ मे

कुजली!

आज खालून झाडताना पर्सिमॉनकडच्या पायाला हात लागला. ओला. आठवडाभर पाऊस नाही आणि ओला. दाभण आणून टोचून बघितलं, तर टोफूत जावं तसं आत गेलं. आणखी दोन-तीन ठिकाणी टोचलं, तसंच. वरची आडवी फळीही मऊ. बाकीचे तिन्ही पाय ठणठणीत आहेत. त्या कोपऱ्यावर लिनोलियम खोलगट झालंय, तिथेच पाणी साठतं आणि खिळ्यांच्या भोकांतून आत झिरपतं. मी सांगितलं होतं की नव्हतं?

पडवीत ह्यांनी ठेवलेला जादा पाय आहे अजून. चेस्टनटचाच. "एखादा गेलाच तर असू दे," म्हणाले होते. पहार आणि करवत घेतली तर एका दुपारचं काम.

१२ मे

नाही केलं.

१५ मे

बघत होते. त्या कोपऱ्यात कोण बसतं? सासूबाई दाराकडच्या बाजूला बसतात, गुडघ्यांमुळे. बोसंगवाली त्यांच्याशेजारी. पर्सिमॉनकडे बसणारी एकच बाई आहे, आणि ती ऑगस्टमध्ये येणार, सासूबाईंच्या अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला.

मी कोणाचं काही वाईट केलेलं नाही. मी फक्त गप्प बसणार आहे. गप्प बसायची सवय ह्या घरानेच लावली मला!

धडपडेल, ढुंगण आपटेल, पांढऱ्या पँटला चिखल लागेल. बाजवट काही फार उंच नाही. एवढंच.

२७ जून

संततधार. सासूबाई खोलीतून ओरडतात, "थोरले, बाजवटीवर ताडपत्री घाल!" घातली. ताडपत्रीखाली लिनोलियम, लिनोलियमखाली लाकूड. वाफेवर ठेवल्यासारखं. त्यांना काय सांगायचं?

९ जुलै

आज ऊन पडलं. मी मिरच्या वाळत घालत होते, मागे वळून बघते तर सासूबाई बाजवटीवरून सरकत सरकत पर्सिमॉनकडे निघालेल्या! वारा हवा होता त्यांना. मी परडी टाकून धावले आणि दंड धरून ओढलंच. "तिकडे नाही! तिकडे नाही बसायचं!" केवढ्यांदा ओरडले मी.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता म्हातारीला वाराही मोजून देणार का गं?"

मी सांडलेल्या मिरच्या वेचत बसले.

१० जुलै

पडवीतला पाय बाहेर काढला. धूळ पुसली. ह्यांची पेन्सिलीची खूण अजून आहे खाचेपाशी. करवतीला तेल दिलं. उद्या सकाळी नक्की. पुरे झाला हा वेडेपणा.

११ जुलै

सकाळीच धाकटीचा फोन. "जाऊबाई, वाढदिवसाला बरगड्यांचं मटण तुम्हीच कराल ना? तुमच्या हातचं आईंना आवडतं. आणि ती जुनी बाजवट किती दिवस ठेवायची हो? आम्ही नवा सेट आणतोय, टेबल-खुर्च्या, बागेतला. फोटोही छान येतात. ती तेवढी फोडून चुलीत घाला."

चुलीत घाला!

पाय परत पडवीत उभा केला.

१३ ऑगस्ट

उद्या वाढदिवस. मटण मुरत घातलं, वाढदिवसाचं समुद्री शेवाळाचं सूप निम्मं केलं. बाजवट पुसली, तिन्ही बाजूंनी. चौथ्या बाजूला फडकंसुद्धा दाबायला हात धजेना. सासूबाई दारातून बघत होत्या. "तो कोपरा राहिला," म्हणाल्या. मी म्हटलं, झालाय तो.

१७ ऑगस्ट

तालुक्याच्या दवाखान्यात. डावा पाय घोट्याच्या वर मोडलाय. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. हात चालतायत म्हणून लिहिते.

सगळे जमले होते. नव्या टेबल-खुर्च्यांची खोकी अंगणात उघडी पडलेली. बाजवटीवर पानं मांडली. धाकटी आली आणि बरोब्बर पर्सिमॉनकडे जाऊन बसली. कुरकुरलं. पडलं नाही. ती आहेच काडी. मी स्वयंपाकघराच्या दारात ताट घेऊन उभी होते, म्हटलं आता, आता. तिने खरबूज खाल्लं, मटण खाल्लं, हसली, मागे रेलली. काही नाही!

मग म्हणाली, "आई, जेवण झालं की हे जुनं लाकूड फोडूया हं. कोण सांभाळणार?"

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "कोण सांभाळणार? अगं, माझा लेक गेला तेव्हासुद्धा हिने तेल चुकवलं नाही. लाकूड टिकलंय ते हिच्या हातांनी. तुम्ही एक दिवस आलात आणि खिळे मारून गेलात!"

जोंगथे म्हणाला, "आई, आजच्या दिवशी कशाला..."

"आजच! धाकटे, ऊठ तिथून. वाऱ्याची जागा आहे ती. थोरले, ताट ठेव खाली. वर ये. इथे बस. जेव."

सगळे बघत होते. धाकटी तोंड पाडून उठली. मी काय म्हणणार होते? तिथे बसू नका, तो पाय कुजलाय, मला मेपासून माहीत आहे — असं? मी म्हटलं, आई, मी आपली इकडे दाराकडे बसते. तर म्हणाल्या, "इतकी वर्षं घासलीस, आता तरी ऐक!"

बसले. वारा खरंच छान येतो तिथे. जोंगथेने माझ्या हातात भाताची वाटी दिली. मी पहिला घास तोंडात घातला आणि खालून कडाड् आवाज आला. पुढचं नीट आठवत नाही. फळी पायावर आली म्हणतात. धाकटीच पहिली खाली उतरली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती, पांढऱ्या पँटला सूप लागलं तरी. तिचं रडणंसुद्धा मला सहन होईना.

१९ ऑगस्ट

धाकटीने रजा वाढवली. माझे केस धुतले. मी तिच्याकडे बघत नाही.

२२ ऑगस्ट

घरी आणलं. खिडकीतून बाजवट दिसते, तीन पायांवर कलंडलेली. लिनोलियम जोंगथेने ओरबाडून काढलंय. आत काळं पडलंय सगळं.

२३ ऑगस्ट

दुपारी दार सरकलं. सासूबाई! चार पावलांवर थांबत, धापा टाकत, स्वतः ताट घेऊन आल्या. शेवाळाचं सूप आणि भात. ताट माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं आणि समोर बसल्या.

म्हणाल्या, "त्या पायाला दाभणाची भोकं आहेत. जुनी आहेत, आत बुरशी धरलीय."

मी पांघरूण प्लास्टरवर ओढलं.

"मला ओढलंस तेव्हाच कळायला हवं होतं मला. धाकटीची जागा ना ती." त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं. "जोंगथेला मी सांगितलंय, वाळवी लागली होती. पाय फोडून चुलीत घातला. जेव आता."

सुपात मीठ नव्हतं. मी थेंबन् थेंब प्यायले.