तिसऱ्या फोटोतला दोर

२० सप्टेंबर १९७८
भिंतीवरच्या फोटोंना ओल लागली. बाबांनी तिन्ही काचेतून काढून दिले. पुसायचे, मागे नावं लिहायची. बाबा तरुणपणी लाकडाच्या ठेक्यावर होते तेव्हाचे. सागाचे ओंडके बांधून वर्धेच्या पाण्यात तराफे सोडत, त्याचे. अक्षर बरं म्हणून काम माझ्याकडे. नाहीतरी मॅट्रिकनंतर घरीच. नदी नाचणगावाहून इतकी जवळ, पण घाटावर एकटीला जाऊ देत नाहीत.

२२ सप्टें.
दोन झाले. तिसरा सुटत नाही. तराफा नुकताच घाटापासून निघालेला. तराफ्यावर पाल्याचं खोपटं, त्याच्या दाराशी लुगडं. वाळत घातलंय म्हणावं, तर खाली पावलं आहेत. बाबांचं भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहिलं. रुईफुली काठ. पहिल्या फोटोत यमूआत्या भाकरी घेऊन आलेली, तिच्या अंगावर तोच.
यमूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न ठरलं आणि तापाने गेली, असं घरात सांगतात.
बाबांना सहज म्हणून विचारलं, तराफ्यावर बाया असत का.
"बाई चढली का तराफा फुटते म्हनत. कोन चढू देईन?"

२५ सप्टें.
रुईफुली काठ काय एकीचाच असतो? बाबांनीच पाटीवर शिकवलं, दिसलं तेवढं सांग, वाटलं ते सांगू नको. पण घाटावर उभा मुलगा बाबाच आहेत. हातात दोर. दोराचं दुसरं टोक कशालाच बांधलेलं नाही.
सर्वपित्रीला आत्याचं पान दरवर्षी मीच वाढते. जिवंत माणसाचं पान वाढत आले असेन तर
आईला विचारायची सोय नाही. दसऱ्यानंतर हिंगणघाटचे लोक मला पाहायला येणार. घरातली मुलगी पळाली होती हे कळलं तर मोडेल. मोडावं असं मलाच वाटतं, म्हणून तर हे दिसत नसेल?

२ ऑक्टोबर, सर्वपित्री
पानावर हात थांबला. आई म्हणाली, "काऊन थबकली? भजे वाढ. यमूले लय आवडत."
वाढले.
बाबा विस्तवावर घास टाकत एकेकाचं नाव घेत होते. पुटपुटतात, म्हणून कधी नीट ऐकलं नव्हतं. आज मी जवळ बसले. आजोबा, आजी, मोठे काका. पुढे काही नाही. आत्याचं नाव न घेताच उठले.

३ ऑक्टो.
फोटो परत दिले. तिसऱ्याची मागची बाजू कोरी. बाबांनी उलटून पाहिलं.
"याच्यावर नाव नाई लिहिलं?"
"दिसलं. लिहिलं नाही."
आई विहिरीवर आहे हे पाहून म्हणाले, "हिंगणघाटचे लोक येऊन राह्यले. तुह्या मनात नसन तर मले आत्ताच सांगजो."
मी भलतंच विचारलं, घाटावरून अजून तराफे सुटतात का.
"नाई माय. लाकडं आता ट्रकनं जाते."
तिसरा फोटो तुझ्यापाशीच ठेव म्हणाले. उत्तर अजून दिलेलं नाही.