दहा नंबरचे बूट आणि टॉर्व्हेलची जमीन

मी, पेरेग्रिन व्हॅलन्स हॅलोवेल, टॉर्व्हेलचा सातवा अर्ल, वय सव्वीस, लॉर्ड्सच्या सभागृहाचा सभासद, राहणार टॉर्व्हेल हाऊस, सॉमरसेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितोय. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझा धाकटा भाऊ ह्यूबर्ट वेगळं सांगेल, पण त्याने मला ईस्टरपासून पाहिलेलं नाही. कुणाचा दबाव नाही. घाई आहे ती फक्त वाऱ्याची. आज संध्याकाळी वारा पडला की मी माझ्या विमानातून खाडी ओलांडून वेल्सच्या किनाऱ्यावर जाणार आहे. पाण्यावरून चौदा मैल. कालची चाचणी इतकी सुंदर झाली की रात्रभर मला झोप नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखं काही नाही. आमच्या घराण्यात गेल्या दोनशे वर्षांत कुणीच जमिनीचं मृत्युपत्र केलेलं नाही, कारण कुणाला करताच येत नव्हतं. मी पहिला.

कलम पहिलं. टॉर्व्हेल हाऊस, तळं, ओकचं जंगल, एकोणीस शेतवाड्या आणि समुद्रापर्यंतची सगळी जमीन मी माझी मोठी बहीण लेटिस हिला देतो. पूर्ण, कायमची, तिला वाटेल तसं करायला.

हे कसं जमलं ते लिहायलाच हवं, नाहीतर ह्यूबर्ट कोर्टात जाईल. आमच्याकडे मोठा मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाप आणि मुलगा मिळून एका कागदावर सही करतात. त्या सहीने जमीन पुढच्या पिढीच्या मोठ्या मुलासाठी बांधली जाते. आपण फक्त जिवंत असेपर्यंत सांभाळायची. माझ्या एकविसाव्या वाढदिवशी अंगणात आख्खा बैल भाजत होता, कुळांची दोनशे माणसं टेबलांवर बसली होती, आणि वाचनालयात वडील आणि वकील मिस्टर क्रम्प तो कागद घेऊन बसले होते. तेवढ्यात खिडकीबाहेरून एक मोठा फुगा गेला, माणसं बसलेला, खराखुरा. मी त्याच्याकडे बघत सही केली आणि बाहेर पळालो. ती सही मी साक्षीदाराच्या जागी केली होती.

वडील दोन वर्षांनी गेले. त्यांना कळलं नाही. मिस्टर क्रम्पना पाच वर्षांनी, गेल्या महिन्यात, पेटी उघडल्यावर कळलं. ते म्हणाले, "मिलॉर्ड, तुम्ही तुमच्या वडिलांच्या सहीला साक्ष दिलीत. स्वतः काहीच दिलं नाहीत, म्हणजे पुढची गाठ पडलीच नाही." मग त्यांनी नवा कागद केला, आजोबांच्या वेळची जुनी गाठ कायमची सोडवली आणि गेल्या मंगळवारी लंडनच्या कोर्टात नोंदवली. जमीन मोकळी झाली.

पण हे मृत्युपत्र झालं नाही आणि मी आज समुद्रात पडलो, तर जमीन किताबासोबत ह्यूबर्टकडे जाईल. त्याने तळ्याकाठी हॉटेल बांधायला एका माणसाकडून मापंही घेतली आहेत. लेटिसला तो बाथला आत्याकडे पाठवणार. "तिला तिथे मैत्रिणी मिळतील," असं त्याने मला पत्रात लिहिलंय. लेटिस नऊ वर्षं ही जमीन चालवतेय. वडील आजारी असताना तिने चालवली, मी शिकत असताना तिने चालवली, आणि मी विमान बांधत असतानाही तीच चालवत होती. कुठल्या शेतात पाणी साचतं आणि कुठल्या कुळाच्या बायकोला सातवं मूल होणार आहे, हे तिला माहीत आहे. मला फक्त एवढं माहीत आहे की गोठ्यामागचं मैदान उतरायला उत्तम आहे.

कलम दुसरं. किताब ह्यूबर्टला जाईल. तो मला थांबवता येत नाही. सोबत लॉर्ड्समध्ये घालायचा माझा लाल झगाही त्याला द्यावा. झग्याला कसर लागली आहे, पण लांबून दिसत नाही.

कलम तिसरं. विमान, जे काही उरेल ते, माझा मेकॅनिक डॉकेट याला. काही उरलं नाही तर माझी सगळी हत्यारं त्यालाच. आज सकाळी मी त्याला विचारलं, "इंजिन कसं वाटतं?" तो म्हणाला, "इंजिन ठीक आहे, मालक. मला काळजी पुढे बसणाऱ्याची आहे." याबद्दल त्याला माझं खिशातलं घड्याळसुद्धा.

कलम चौथं. घरात, तबेल्यात, बागेत आणि शेतवाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याचं राहतं घर आयुष्यभर. पाद्रीसाहेबांना दोन्ही गाढवं, कारण ती त्यांचंच ऐकतात.

कलम पाचवं. स्वयंपाकीण मिसेस मार्था गॅड यांना ~~वडिलांचं हवामापक आणि दक्षिणेच्या फाटकाजवळचं कॉटेज, आयुष्यभर~~. (खोडलं. पे. टॉ.) कारण खाली आहे.

कलम सहावं. माझे शेजारी लॉर्ड पेंडरिल यांना ~~माझे चालायचे बूट, दहा नंबरचे, म्हणजे चर्चला तीन मैल वळसा घालून जाणं कसं असतं ते त्यांना कळेल~~. (खोडलं. पे. टॉ.)

ही जुनी गोष्ट आहे. त्यांच्या शेतातून चर्चला जाणारी पायवाट लोक कुणाला आठवत नाही तेव्हापासून वापरत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तिथे कुंपण घातलं. मी लॉर्ड्समध्ये पायवाटांचं विधेयक आणलं. माझं पहिलं भाषण. मी पंचेचाळीस मिनिटं बोललो, दोन लॉर्ड झोपले, पण बाकीचे जागे होते. मतदानाला आमच्याकडे दोन दालनं असतात, एक 'समाधानी' म्हणजे विधेयकाच्या बाजूच्या लोकांचं, एक 'असमाधानी' म्हणजे विरोधातल्या लोकांचं, आणि आपण ज्यातून चालत जातो ते आपलं मत. मी इतका खुशीत होतो की एका बिशपना पंखांच्या कापडाबद्दल सांगत सांगत त्यांच्यामागून चालत गेलो. दाराशी पेंडरिल भेटले. "आमच्याबरोबर कसा काय रे, टॉर्व्हेल?" त्यांनी विचारलं. मी असमाधानी लोकांत होतो. तेरा विरुद्ध चौदा मतांनी माझं विधेयक पडलं. चौदावा मी.

तर माणूस म्हणून माझा इतिहास असा आहे. मी चुकीच्या जागी सही करतो आणि चुकीच्या दारातून जातो. एकदा त्याने जमीन मोकळी झाली, एकदा पायवाट बंद राहिली. आज मात्र चूक चालणार नाही.

इथपर्यंत मी दुपारी चारला लिहून लेटिसला वाचायला दिलं. तिने मिस्टर क्रम्पचं पत्र समोर धरलं. (ते पाय सुजून अंथरुणात आहेत, येऊ शकत नाहीत.) "पेरी, तू हे वाचलंस का? दोन साक्षीदार, एकाच वेळी समोर. आणि ज्याला मृत्युपत्रात काही मिळतंय तो साक्षीदार झाला तर त्याचं मिळालेलं जातं. त्याच्या नवऱ्याचं किंवा बायकोचंसुद्धा."

"मग?"

"मग तू घरातल्या, तबेल्यातल्या, बागेतल्या प्रत्येकाला काहीतरी दिलंयस. गाढवंसुद्धा वाटलीस. आता सही करायला कोण उरलं?"

आम्ही यादी केली. एकही माणूस उरला नाही. पोस्टमन सकाळीच येऊन गेला होता. मी म्हटलं, घरातल्या कुणाचं तरी खोडतो. लेटिस म्हणाली, "एका कागदासाठी कुणाचं घर काढून घेणार नाहीस. मी बाथला जाईन." आणि ती खिडकीकडे गेली. तिला रडताना मी वडिलांच्या वेळीही पाहिलं नव्हतं, आजही पाहिलं नाही, कारण तिने पाठ फिरवली होती.

तेवढ्यात मिसेस गॅड चहा घेऊन आल्या. त्या दाराबाहेर ऐकत असतात, हे आम्हाला वीस वर्षं माहीत आहे.

"मालक, माझं खोडा," त्या म्हणाल्या.

"मिसेस गॅड, ते तुमचं घर आहे."

"जमीन लेटिसबाईसाहेबांकडे गेली तर त्या मला बाहेर काढतील का?"

"नाही."

"आणि ह्यूबर्टसाहेबांकडे गेली तर तुमच्या कागदाचं ते काय करतील?"

मी लेखणी शाईत बुडवली.

"मग खोडा. आणि ते हवामापक तर कधी खरं बोललेलंच नाही."

एक झाला. दुसरा पाचच्या सुमारास स्वतःच्या पायांनी, म्हणजे घोड्याच्या पायांनी आला. लॉर्ड पेंडरिल तक्रार करायला आले होते.

"टॉर्व्हेल, काल तुझं ते शिवणाचं यंत्र माझ्या शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट पक्ष्यांच्या पिल्लांवरून गेलं. अर्धी पिल्लं अजून झुडपातून बाहेर येत नाहीत."

"आज शेवटचं, लॉर्ड पेंडरिल. त्याआधी एक सही हवी आहे."

मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला आणि मला अडवता येण्याआधी सहावं कलम वाचलं. त्यांचा चेहरा बीटसारखा झाला. लेटिस म्हणाली, "हे खोडावं लागेल, नाहीतर तुम्हाला सही करता येणार नाही."

"म्हणजे सही केली तर मला काहीच मिळणार नाही?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"बूट कितीचे म्हणालास?"

"दहा."

"मला नऊ लागतात." ते लेटिसकडे वळले. "ह्यूबर्टने हॉटेल बांधलं, तर माझ्या फेझंटवर रोज सुट्टीवरची माणसं सोडणार ना?"

"रोज," लेटिस म्हणाली. "आणि ती सगळी पायवाट विचारतील."

त्यांनी लेखणी मागितली. मी खोडलं.

कलम सातवं आणि शेवटचं. मी सापडलो तर मला आईशेजारी ठेवावं. नाही सापडलो तर खाडीकडे तोंड करून एक साधा दगड लावावा. त्यावर किताब नको, नाव पुरे.

हे सगळं मी त्या दोघांसमोर वाचून दाखवलं. आता लेटिसने तिचं बोट कागदावर ठेवलंय, बरोबर तिथे, जिथे मृत्युपत्र करणाऱ्याने सही करायची असते, आणि ती म्हणतेय, "खिडकीबाहेर बघू नकोस." मी बघत नाहीये.

सही: टॉर्व्हेल

आम्ही दोघं एकत्र हजर होतो, त्यांनी आमच्यासमोर सही केली, आणि मग आम्ही त्यांच्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करतो:

१. मार्था गॅड, स्वयंपाकीण, टॉर्व्हेल हाऊस
२. पेंडरिल, पेंडरिल पार्क. असमाधानी, पण सही खरी आहे.

टॉर्व्हेल हाऊस, अठरा जून एकोणीसशे बारा. संध्याकाळचे सव्वासहा. वारा पडलाय.