दोन बारीक शिट्ट्या

घर,
३ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन असताना बाप पत्राच्या नादी का लागला, असं तुला वाटेल. गेल्या वेळी फोनवर तू तीन-चारदा काय म्हणालात, काय म्हणालात असं विचारलंस आणि शेवटी आईकडे द्या म्हणालीस. ते मला जरा लागलं. तेव्हा यापुढे फोनवर तुझी आई बोलेल आणि मी लिहीन. माझं अक्षर निदान समजतं.

शाळा सुरू झाली. पाचवीची नवी तुकडी नेहमीप्रमाणे डावा पाय कोणता यावर एकमत करायला तयार नाही. मैदानाच्या टोकाला उभं राहून मी सावधान म्हटलं की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवालासुद्धा थबकायचा, हे तू ऐकून ऐकून कंटाळली आहेस. यंदा मात्र घसा बसलाय. धूळ फार आहे आणि पोरं बहिरी आहेत. हेडबाई म्हणाल्या की सर यंदा फार सौम्य झालेत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. शिट्टीवर भागवतो. एक लांब म्हणजे थांबा, दोन बारीक म्हणजे जवळ या. तू लहानपणी दोन बारीक शिट्ट्यांना खेळ अर्धा टाकून गल्लीतून पळत यायचीस, तसं मात्र यांच्यातलं एकही कार्टं येत नाही.

तू काय शिकतेस हे सगळे विचारतात. मी सांगतो, आजारी पडतं शरीर, पण दवाखान्यात जायचं की नाही हे मन ठरवतं, त्या मनाचं शास्त्र. चुकत असेन तर लगेच कळव, कारण अर्ध्या गल्लीला सांगून झालंय.

खोलीला पडदे आहेत का, असं आई विचारते. माया आहेच, ती पत्रांतून येत राहू दे.

तुझा,
बाबा

---

वसतिगृह,
१० ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिला आता तुमच्या पाचवीच्या तुकडीची माझ्यापेक्षा जास्त काळजी वाटते. पडदे आहेत, आईला सांगा. उन्हाकडचा एक आखूड आहे, पण आहे.

आरोग्य मानसशास्त्राची तुम्ही केलेली व्याख्या आमच्या पुस्तकातल्यापेक्षा बरी आहे. माझ्या प्रबंधाचा विषयही अगदी तोच निघाला. त्रास पहिल्यांदा जाणवतो तेव्हापासून माणूस डॉक्टरसमोर बसेपर्यंत मध्ये जो काळ जातो, त्या काळात तो स्वतःला काय सांगत असतो? त्यासाठी आम्हाला मोठ्या रुग्णालयात बसवलंय. मला कान-नाक-घशाच्या विभागाबाहेरचा व्हरांडा मिळालाय. भिंतीला लागून बाकं, हिरवट रंग, औषधांचा वास, आणि आपला नंबर कधी येईल म्हणून दाराकडे बघणारी माणसं. मी त्यांच्याशेजारी बसते आणि बोलतं करते.

बाबा, उशिरा आलेल्या प्रत्येकाकडे कारण तयार असतं आणि ते इतकं पटण्यासारखं असतं, की ऐकताना माझीही मान डोलते.

आमच्या मॅडम फार कडक आहेत. त्यांचं म्हणणं, सल्ला देणं सगळ्यांना येतं, ऐकणं कुणालाच येत नाही. माणसाला अमुक कर म्हटलं की तो पाय रोवतो. म्हणून विचारायचं, ऐकायचं, त्याचंच बोलणं त्याला नीट परत ऐकवायचं, म्हणजे तो स्वतःच निर्णयाकडे सरकतो. सरावाच्या तासाला माझ्या तोंडून तुम्ही असं करायला पाहिजे असं निघालं की त्या पेन्सिलीने टेबलावर टक् करतात. पहिल्या आठवड्यात माझ्यावर इतक्या वेळा पेन्सिल वाजली की तुमच्या शिट्टीची आठवण झाली. शेवटी तुमचीच मुलगी, हुकूम सोडायची सवय कुठून लागली ते उघड आहे. आता पुष्कळ सुधारले आहे.

घशाला जपा. आईला नमस्कार. दोघांच्या मनात मला जागा असू द्या, वसतिगृहात ती फार अपुरी आहे.

तुमची,
ठकू

---

घर,
११ सप्टेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. तुला हुकूम सोडण्यापासून परावृत्त करणं मला आणि तुझ्या आईला आजवर जमलं नव्हतं.

इकडे क्रीडास्पर्धांची तयारी सुरू झाली. हेडबाईंनी मला हातात धरायचा भोंगा आणून दिला. मी तो कपाटात ठेवलाय, मला काही शेंगा विकायच्या नाहीत. आवाज अजून बसलेलाच आहे. सकाळी जरा उघडतो, मग दिवसभर दाराच्या गंजक्या बिजागरीसारखा कुरकुरतो. मिठाच्या गुळण्या चालू आहेत. औषधाच्या दुकानातल्या गोळ्या चघळतो, त्यांचा रंग जिभेवर राहतो आणि पोरं हसतात. हल्ली उजवा कानही ठणकतो. पंख्याचं वारं लागत असणार, म्हणून मी पलंगाची बाजू बदलली. आता पंखा तुझ्या आईच्या कानावर आहे आणि ती तक्रार करत नाही, यावरून माणसामाणसात किती फरक असतो बघ.

बारीकही झालोय. पट्ट्याला एक भोक नवीन पाडून घेतलं. चांभार म्हणाला, मास्तर तरुण दिसायला लागले. तुझ्या आईने त्याच रात्री माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

ती मागे लागली आहे की दाखवून या. मी म्हटलं, घरात त्या खात्यातलं माणूस असताना बाहेर कशाला विचारायचं? तेव्हा सरळ विचारतो. तू रोज असल्याच घशांच्या शेजारी बसतेस. तुला काय वाटतं? तू सांगशील ते ऐकेन, हे लेखी देतो.

अभ्यास कर, पण जेवून कर. पत्राची वाट पाहतो. ती लवकर संपेल एवढं बघ.

तुझा,
बाबा

---

वसतिगृह,
२५ सप्टेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला लगेच उत्तर लिहायला बसले होते. पहिलं पत्र मी फाडून टाकलं. त्यात पहिल्याच ओळीत हुकूम होता. मला मॅडमची पेन्सिल ऐकू आली आणि मी नव्याने सुरुवात केली. तुमच्याशी मी वरिष्ठ असल्यासारखं बोलू नये, असं मनापासून वाटतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला असं समजलं, की आवाज बसण्याचा तुम्हाला कंटाळा आलाय, पण त्याने कामात फार अडू नये असंही वाटतं. शिट्टीवर निभावता याचा थोडा अभिमानही आहे. आईची काळजी तुम्हाला दिसते, आणि तिने ती करू नये असंही वाटतं. बरोबर आहे का? या आवाजाचा तुम्ही स्वतः काय अर्थ लावता, बाबा? तो असाच राहिला तर तुमच्या दिवसात काय बदलेल? आणि दाखवून आलात तर काय बदलेल? सावकाश विचार करून लिहा. उत्तर तुमचंच असणार आहे, मी फक्त ऐकणार आहे.

मला वाटतं, या पत्रावर पेन्सिल वाजली नसती. तेवढी शाबासकी मला घेऊ द्या.

पहिल्या सहामाहीची परीक्षा जवळ आली आहे, त्यामुळे मध्ये पत्र लांबलं तर रागावू नका. फोन करते तेव्हा तुम्ही नेहमी मैदानावर असता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा कसली कवायत असते, हे एकदा मला समजावून सांगा.

आईला नमस्कार. पंख्याबद्दल तिची बाजूही ऐकायला मी तयार आहे. दोघांचा हात पाठीवर असू द्या.

तुमची,
ठकू

---

घर,
२ नोव्हेंबर

चि. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तुला माहीत आहे. फोनवर बोलले असते, पण हे सारखे आसपास असतात. आता दुकानात गेलेत म्हणून बसले.

फोन येतो तेव्हा हे मैदानावर नसतात. समोरच्या खुर्चीत बसलेले असतात आणि हाताने खूण करतात, की नाही म्हणून सांग. त्यांचा आवाज तू ऐकावास असं त्यांना वाटत नाही. आता आवाज असा राहिलाच नाही, नुसती हवा येते. जेवायला पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. घास गिळताना मान एका बाजूला वळवतात, आणि मी बघते आहे असं दिसलं की पाणी मागतात. रात्री खोकला येतो तेव्हा बाहेर जाऊन खोकतात. पट्ट्याला आणखी एक भोक पडलं.

मी रोज सांगते की दवाखान्यात चला. तू जन्मलीस तेव्हा यांनी सिगारेट सोडली, पण त्याआधी ओढली ती ओढलीच ना? तर काय करतात माहीत आहे? खिशातून तुझं पत्र काढतात. घडीवर विरायला आलंय ते. मला दाखवतात आणि म्हणतात, मी तिला स्पष्ट विचारलं होतं. ती रोज हेच बघते. धोक्याचं असतं तर ही पोरगी गप्प बसली असती का? मलाही दोन दिवस ते पटलं. आपली मुलगी शिकलेली आहे, काही असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं, असं मीही मनाशी म्हटलं.

पण परवा त्यांना झोपेत श्वास घेताना ऐकलं. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. मनात पाल चुकचुकली ती गेली नाही. तू त्या पत्रात खरंच काही नाही असं म्हटलं होतंस का? मी ते पुन्हा पुन्हा वाचलं, मला त्यात नुसते प्रश्न दिसले.

मी लिहिल्याचं यांना कळू देऊ नकोस. उत्तर लवकर दे. तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकणार नाहीत.

तुझी,
आई

---

वसतिगृह,
६ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

आईने फोन तुमच्या कानाला लावला आणि मी ओरडले, तेव्हा तुम्ही तो तिच्या हातात परत दिलात. म्हणून तेच लिहून पाठवते आहे, म्हणजे हे पत्र खिशात ठेवता येईल. त्या आधीच्या पत्राच्या जागी.

बाबा, हे पत्र मिळताच दवाखान्यात जा. घशाच्या डॉक्टरकडे जा. गुळण्या, गोळ्या, पंखा, धूळ, कुणाचंही ऐकू नका. इतके दिवस आवाज बसलेला राहिला तर तो तपासलाच पाहिजे, त्यात विचार करून ठरवण्यासारखं काही नाही. मी हुकूम देते आहे.

व्हरांड्यात या आठवड्यात एक बसकंडक्टर भेटला. त्यानेही धूळच सांगितली. त्याचाही कान दुखत होता. मी माझे प्रश्न विचारत गेले आणि तो बोलत गेला, आणि मध्येच मला जाणवलं की त्याची वाक्यं मला आधीच पाठ आहेत. घरच्या पत्रातली आहेत. माझा हात लिहायचा थांबला. तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की वडिलांनी तुझं मत मागितलं होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, सल्ला लादायचा नाही असं मी शिकवलं. मागितलेलं मत अडवून ठेव असं कधी शिकवलं? विचारलं की सांगायचं, साधं आणि स्पष्ट, हे त्याच धड्याच्या दुसऱ्या पानावर आहे.

मी तुमचं ऐकलं नाही, बाबा. ऐकण्याचा सराव केला. तुम्ही विचारलंत आणि मी तुमच्यावर गृहपाठ केला.

पत्र मिळूनही गेला नाहीत तर मी परीक्षा सोडून दारात उभी असेन. माझ्यावर रागवा, पण जा.

तुमची,
ठकू

---

घर,
२१ नोव्हेंबर

चि. ठकूस पुष्कळ आशीर्वाद.

हुकूम पोचला आणि पाळला गेला. परेडमध्ये मी इतक्या वर्षांत एवढा चोख हुकूम दिला नव्हता.

दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा काढला, तो तपासायला गेला आणि उत्तर आलं. ते काय आलं असेल ते तुला त्या व्हरांड्यात बसून कळलंच आहे, तेव्हा शब्द लिहीत नाही. तुझ्या आईने तो शब्द एकदा म्हटला आणि नंतर भांडी घासत बसली, स्वच्छ होती तरी. स्वरयंत्र काढावं लागणार आहे. पुढचा गुरुवार ठरला. डॉक्टर भला माणूस आहे, हातचं राखून बोलत नाही. आणखी थांबला असता तर इलाजच उरला नसता, असं म्हणाला. आता निदान लढाई आहे, पण जिंकूच असं त्याने लिहून दिलं नाही.

मी त्याला एकच गोष्ट विचारली. आवाज गेला तर जाऊ दे, शिट्टी वाजेल ना? त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं. यापुढे श्वास गळ्याला केलेल्या भोकातून जाणार, हवा तोंडापर्यंत येणारच नाही. म्हणजे शिट्टीही नाही. हे मी हिशेबात धरलं नव्हतं. घरी आल्यावर शिट्टी दोरीसकट खुंटीला लावली. आईने ती काढून कपाटात ठेवली, भोंग्याशेजारी.

तू त्या पत्राचं मनाला लावून घेऊ नकोस, असं लिहिणार होतो. पण तू लावून घेणारच, आणि मलाही खोटं लिहायचं नाही. मला त्या पत्राचा आधार हवा होता. तू प्रश्न विचारलेस आणि मी त्यांची उत्तरं दिली नाहीत, तुझ्या गप्प बसण्यालाच उत्तर समजलो. माझ्या भीतीला तेच सोयीचं होतं. तुझ्या प्रबंधात हे घाल. माझं नाव नको, कवायत मास्तर एवढं पुरे.

तुझा शेवटचा पेपर मंगळवारी आहे ना? तो देऊन सरळ निघ. बुधवारी घरी पोच. आवाज म्हणण्यासारखा राहिलेला नाही, पण कान जवळ आणलास तर अजून शब्द कळतात. तू सप्टेंबरात विचारलेले प्रश्न घेऊन ये. एकेक विचार. सल्ला देऊ नकोस, हुकूम सोडू नकोस, पेन्सिल मी वाजवीन. बुधवारी त्यांची उत्तरं मी तोंडाने देईन. त्यानंतरची सगळी कागदावर.

आज सकाळी शिट्टी कपाटातून काढून गच्चीवर जाऊन वाजवली. दोन बारीक. शेजारच्या पोरांनी वर पाहिलं. एवढ्या लांब तुला ऐकू गेली नसणार, म्हणून लिहून कळवतो.

तुझा,
बाबा