मागचा ब्रेक कोणाच्या पायाने जाम झाला

मु. बोरटोला, ता. सावली
दि. ९ डिसेंबर २०२४, सोमवार

चि. कुंताबाई,

भावाचा आशीर्वाद घे. इकडे सगळे खाऊन-पिऊन बरे आहोत, तू तिकडे एटापल्लीच्या थंडीत कशी आहेस ते कळव. धान कापून झालं, चुरणा होऊन दाणे घरात यायचे आहेत. तलावाला यंदा पाणी भरपूर, कतला मच्छी चांगली वाढली. साधनाची, तुझ्या वहिनीची, टाच दुखते. तोंड दुखत नाही, हे तुला सांगायला नको.

फोन सोडून पत्र काऊन, असं तुला वाटेल. फोनवर मी ओरडतो, मग तू "हं" म्हणून ठेवून देतेस. कागदावर मी कितीही ओरडलो तरी तुला ऐकू येणार नाही.

साधनाने तुझा निरोप सांगितला. आपल्या मच्छीमार संस्थेच्या बायकांनी तुला परत बोलावलं, बाजारात मच्छी न्यायचं काम पुन्हा तू घे म्हणाल्या, आणि तू उत्तर दिलंस, "आधी खुशालभाऊले विचारा, तो काय म्हणते." शनिवारी मिटिंग आहे. तिथं सगळे माझ्या तोंडाकडे पाहणार. म्हणून काय बोलायचं ते ठरवायच्या आधी मी आपली मच्छीची मोटारसायकल खोलायला घेतली. हसू नको.

धान कापणीत गाडी आठ दिवस गोठ्यात उभी होती. काल बाहेर काढायला गेलो तर पुढचं चाक फिरतं आणि मागचं जमिनीवर रेघ ओढतं. वीस वर्षांची म्हातारी गाडी, हट्ट करणारच, पण हा हट्ट मला ओळखीचा वाटला. तीन वर्षांपूर्वी सावलीच्या बाजाराच्या दिवशी तू हाच सांगत होतीस. रस्त्यात मागचं चाक धरलं, धूर निघाला, दोन तास उन्हात उभी राहिलीस आणि पेटीतला रोहू नरमला. मी आलो आणि काही न पाहता, भर बाजारात, मुखरूकाकासमोर, व्यापाऱ्यांसमोर म्हणालो, "बायकाच्या पायाले ब्रेकचा अंदाजच नाई राह्यत. दिवसभर पाय ब्रेकवर ठेवून गाडी चालवते हे." तुझ्या चपलेचा तळ उलटा करून लोकांना दाखवला. तू एवढंच म्हणालीस, "मी पाय ठेवतच नाई भाऊ. उतारावर न्यूट्रलमधी टाकली तरी सरकत नाई, तूच पाह्य." मी पाहिलं नाही. चावी खिशात टाकली, तुझं काम काढून घेतलं.

काल पाहिलं. शाळेपाशी उतार आहे ना, तिथं ओढत नेली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि दोन्ही पाय वर घेतले. गाडी जागची हलली नाही. मी वर बसून राहिलो. तिथून जाणाऱ्या बायका काय समजल्या असतील, देव जाणे.

मग मला चेव आला. पायाचाच दोष असेल तर पायच बाजूला ठेवून पाहू. मागच्या ब्रेकचा नट थोडा ढिला करून चाक मोकळं केलं, उजवा पाय मागच्या फूटरेस्टवर ठेवला आणि तसाच नहरापर्यंत गेलो. थांबायचं असलं की पुढचा ब्रेक धरायचा, नंतर एकदाच मागचा दाबायचा आणि पाय पुन्हा वर. मुखरूकाका पारावरून ओरडले, "पायाले काय झालं बे खुशाल?" मी म्हटलं, "पायाची परीक्षा घेऊन राह्यलो." नहरावर पोहोचलो तेव्हा मागच्या ड्रमवर ओला हात लावला. चर्र झालं, बोट भाजलं. फक्त एकदा दाबलेला ब्रेक सुटलाच नव्हता.

मंगळवार

आज सकाळपासून गोठ्यात बसलो. तुला हे सगळं लिहितो, कारण तुला गाडीच्या आतलं आवडायचं आणि मी कधी हात लावू दिला नाही.

आधी ब्रेकचा पेडल दाबला, तर अर्धाच परत आला. म्हटलं, पेडलच जाम असेल. मग पेडलपासून चाकापर्यंत जाणारी दांडी मागून सोडवली आणि पेडल दाबला, तर टणकन वर आला. म्हणजे पेडल निर्दोष. आता ती दांडी जिथं जोडते ती चाकावरची पट्टी हाताने ओढली. ओढली तिथंच राहिली, गाढवासारखी. स्प्रिंग ताणलेली, पट्टी हलत नाही. चोर चाकाच्या आत आहे हे तेव्हा कळलं. मजा वाटत होती गं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं चालवली, पण आत काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं.

चाक काढलं. झाकण निघालं तसा वास आला. जुन्या मच्छीचा! मला वाटलं आपल्याच हाताचा असेल. चाकाला आतून घासून थांबवणारे लायनर पाहिले, अजून चांगले जाड आहेत. पण झाकणातून एक बोटभर लोखंडी खुंटी जाते, तिला मिस्त्री लोक कॅम म्हणतात. ती फिरली की लायनर बाहेर ढकलले जातात, उलटी फिरली की परत येतात. ती गंजून झाकणात बसली होती. आणि तिच्या बाहेरच्या तोंडाशी, गंजात चिकटलेला, रोहूचा एक खवला.

खवला तिथं कसा गेला? मी कितीतरी वेळ तो बोटावर घेऊन पाहत होतो. मग पेटी आणून मागे आडवी बांधली, जशी बाजाराच्या दिवशी बांधतो तशी, आणि तिच्यात दोन लोटे पाणी ओतलं. बर्फाचं पाणी साचून मच्छी खराब होऊ नये म्हणून पेटीला छिद्र आहे, तुला माहीत आहे. त्यातून धार निघाली ती सरळ ब्रेकच्या त्या खुंटीवर.

ते छिद्र मी पाडलं होतं. डावीकडे पाडलं असतं तर पाणी चेनीवर पडलं असतं, चेन गंजली असती, म्हणून मोठ्या हुशारीने उजवीकडे पाडलं. तू तेव्हा गाडी चालवायला शिकलीही नव्हतीस.

खुंटीला डिझेल पाजून ठेवलं आहे. जेवायला हाक येते आहे.

गुरुवार

काल खुंटी निघाली. आधी पट्टी कोणत्या खाचेत बसते तिथं ठिपका मारला, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकली. पॉलिश पेपरने घासून चकाचक केली, बोटभर ग्रीस लावलं, लायनरला लागू दिलं नाही. चाक बसवलं, पेडलला दोन बोटं ढील ठेवून नट आवळला. हाताने फिरवलं तर चाक फिरतच राहिलं. दाबलं की थांबतं, सोडलं की सुटतं. पेटीच्या छिद्राला नळी लावून पाणी मागे, नंबरप्लेटच्या पलीकडे सोडलं.

इथंच पत्र संपवून टाकायचा विचार होता. भावाने शोध लावला, चूक कळली, सगळे खूश. पण वर मी एक गोष्ट गाळली आहे आणि कालपासून ती मला जेवू देत नाही.

मला हे या आठवड्यात कळलं नाही, कुंताबाई. गाडी कशाने जाम होते ते आत्ता कळलं. तुझ्या पायाने होत नाही, हे मात्र तू एटापल्लीला गेलीस त्याच वर्षीच्या पोळ्याला कळलं होतं. तू नव्हतीस, मी चालवत होतो, आणि व्याहाडच्या रस्त्यावर चाक धरलं. धूरही तसाच. मी खाली उतरलो, आजूबाजूला कोणी नाही ना पाहिलं आणि नट ढिला करून निघालो. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी हेच. नट ढिला करायचा, कोणाला सांगायचं नाही. साधनालाही नाही. लोक म्हणायचे, "कुंता गेली अन् गाडी सुधरली," आणि मी मान हलवायचो. मागे ब्रेक जवळपास उरलाच नव्हता, तरी मी तसाच चालवत राहिलो, कारण गाडी मिस्त्रीला दाखवली असती तर तू खरी ठरली असतीस.

तू तिथं आश्रमशाळेत दोनशे पोरींच्या भाकरी भाजत होतीस आणि मी इथं मान हलवत होतो. मला लाज वाटते.

रविवार, १५ डिसेंबर

काल मिटिंग झाली. बायकांनी तुझं नाव काढलं. एक जण म्हणाला, "ते तं ब्रेक जाळते." मी उभा राहिलो. पेटीचं, खवल्याचं सांगितलं, लोक मजेने ऐकत होते. मग पोळ्याचंही सांगितलं. तेव्हा कोणी हसलं नाही.

मुखरूकाकाने विचारलं, "मंग तीन साल काऊन नाई सांगतलं बे?"

मी म्हटलं, "मी खोटा पडलो असतो, काका. म्हणून तिले खोटं पाडून ठेवलं."

काका म्हणाले, "हे आमाले सांगून काय होते? तिले सांग." साधना माझ्याशी कालपासून बोललेली नाही. ठीकच आहे.

तर तुला सांगतो. तुझ्या पायात काही खोट नव्हती. तू खरं बोलत होतीस आणि ते मला माहीत होतं. संस्थेने काम तुझ्या नावावर लिहिलं आहे. तू यावंस असं मला फार वाटतं, पण तिकडे तुझं बस्तान बसलं असेल, मन रमलं असेल, तर नाही म्हण. कोणी वाईट मानणार नाही. फक्त ते ठरवताना मला विचारू नको. तुझ्याबद्दल काही विचारावं, एवढा मी भरवशाचा माणूस राहिलो नाही.

तुला भर बाजारात खोटं पाडणारा,
तुझाच भाऊ
खुशाल